वालाची शेंग, सुका बोंबील आणि आपल्या ताटाचा इतिहास

केळव्याच्या सुरूच्या बनात आमच्या अभ्यासवर्गाची एक बैठक झाली. विषय होता महाडचा सत्याग्रह. पण डबे उघडले आणि चर्चा भलतीकडेच गेली. एकाच्या डब्यात डाळ-भात आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. बोईसरच्या कारखान्यात काम करणारा आणि संध्याकाळी व्यायामशाळेत जाणारा एक तरुण म्हणाला, "डाळीत काय ठेवलंय? प्रोटीन पाहिजे तर चिकनच खायला पाहिजे." दुसऱ्याने लगेच मोबाईलवर आलेला एक मेसेज वाचून दाखवला. वनस्पतीजन्य प्रथिन सात्त्विक, मांसाचं तामसिक, आणि आता म्हणे विज्ञानानेही आपल्या ऋषीमुनींचं म्हणणं मान्य केलंय. मग दोघांनी आमच्याकडे पाहिलं. "दादा, खरं काय?"

तिथे थोडक्यात उत्तर दिलं. सविस्तर उत्तर इथे देत आहोत, कारण हा प्रश्न फक्त त्या दोघांचा नाही.

सुरुवातीलाच सांगतो. डाळी-कडधान्यांचं प्रथिन रोजच्या जेवणाचा पाया असावं, असं आमचं मत आहे. पण त्याचं कारण "सात्त्विक" हे नाही. आणि जे आज आपल्याला शाकाहाराचे फायदे शिकवतात, त्यांनी आपल्या आजा-पणजाच्या ताटात डाळ कधी वाढली होती का, हा प्रश्न विचारल्याशिवाय ही चर्चा पूर्ण होत नाही.

आधी हिशोब

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं. म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला साधारण ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम. जड अंगमेहनत किंवा कसून व्यायाम करणाऱ्याला थोडं जास्त, गरोदर आणि स्तनदा मातेलाही जास्त.

आता ताटाकडे पाहू. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिन असतं. सुक्या वालात सुमारे २५, शेंगदाण्यात २५, सोयाबीनमध्ये ३५ च्या वर. अंड्यात १०० ग्रॅमला १३, म्हणजे एका अंड्यात सहाएक ग्रॅम. आणि सुक्या बोंबलात? साठीच्या आसपास. पाणी उडून गेल्यावर उरतं ते बहुतेक प्रथिनच. पण सुका बोंबील कुणी १०० ग्रॅम खात नाही. चार-पाच बोंबील भाजून चटणी केली की घरभर पुरते. डाळीचंही तसंच. घरात जी पातळ आमटी होते, तिच्या एका वाटीत कोरडी डाळ जेमतेम २०-३० ग्रॅम असते. म्हणजे प्रथिन फक्त पाच-सहा ग्रॅम. "डाळीत काय ठेवलंय?" याचं उत्तर इथे आहे. डाळीत भरपूर आहे, आपल्या आमटीत डाळ कमी आहे.

व्यायामशाळेतला दुसरा आक्षेप असा की वनस्पतींचं प्रथिन "अपूर्ण" असतं. यात निम्मं तथ्य आहे. भात, ज्वारी, गहू यांत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं. डाळींत मेथिओनिन कमी पडतं. पण भात आणि डाळ एका दिवसात पोटात गेले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. भाकरी-आमटी, डाळ-भात, खिचडी ही जोडी आपल्या आयांनी पुस्तक न वाचता जुळवली होती.

याशिवाय डाळींबरोबर चोथा मिळतो, जो मांसात अजिबात नसतो. रोजच्या तांबड्या मांसाच्या जागी कडधान्य आलं तर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेज-सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवलं आणि तांबड्या मांसाला संभाव्य कर्करोगकारकांत टाकलं. ज्यांच्या घरात मधुमेह आणि रक्तदाब शिरला आहे, आणि आज आपल्या वस्त्यांत तो सगळीकडे शिरला आहे, त्यांनी हे गंभीरपणे घ्यावं.

पण हिशोब दोन्ही बाजूंनी मांडायचा असतो. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. ते अंडी, मासे, मांस, दूध यांतूनच येतं, नाहीतर गोळी घ्यावी लागते. मांस-मासळीतलं लोह शरीर सहज घेतं, डाळी-भाज्यांतलं कमी घेतं. त्यासाठी वर लिंबू पिळावं, कडधान्य भिजवून मोड आणावेत. वाढत्या वयाचं मूल, बाळंतीण, रक्त कमी असलेली मुलगी यांच्यासाठी एक अंडं किंवा माशाचा एक तुकडा किती मोलाचा असतो, हे कुपोषण पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

केळव्याच्या मातीत आणि समुद्रात

ज्या ठिकाणी आम्ही बसलो होतो, तो परिसरच या प्रश्नाचं उत्तर देतो. केळवे-माहीमचा पट्टा पानवेली, केळी, नारळ आणि भाजीपाल्याच्या वाड्यांसाठी ओळखला जातो. वाड्यांच्या पलीकडे भातखाचरं. भात कापून झालं की खाचरातल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरायचा, ही या पट्ट्यातली जुनी रीत. वालाला वेगळं पाणी फार लागत नाही. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र जमिनीत आणतात आणि पुढच्या भाताला आयतं खत मिळतं. थंडीत वालपापडी आणि कंद घालून शिजवलेली उकडहंडी हा इथला खास पदार्थ. तो खाताना कुणी "मी वनस्पतीजन्य प्रथिन खातोय" असं म्हणत नाही.

पूर्वेला डोंगराकडे सरकलं की वारली, कोकणा, मल्हार कोळी यांची वरकस जमीन. तिथे नाचणी आणि वरीबरोबर उडीद, तूर, खुरासणी. आणि पश्चिमेला समुद्र. केळवे, सातपाटी, दांडी, नवापूर. मांगेला आणि इतर मच्छीमार समाजांची गावं. बोंबील, जवळा, करंदी उन्हात वाळवायची आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की हीच सुकी मासळी चार महिने पुरवायची. किनाऱ्यावरच्या बाया हीच सुकी मासळी बाजारात नेऊन विकतात. डोंगरातल्या माणसाच्या भाकरीबरोबर सुकट असते, ती इथून गेलेली.

म्हणजे या भूमीत डाळ विरुद्ध मासळी असं भांडण नव्हतंच. वाल खाचरात, उडीद डोंगरावर, बोंबील किनाऱ्यावर. कष्टकऱ्याच्या पोटात तिन्ही थोडं थोडं जायचं. हे भांडण बाहेरून आलं, आणि ते आणणाऱ्यांना अन्नापेक्षा प्रतवारीत जास्त रस होता.

महाडला आपण काय सोडलं?

इथेच आमच्या बैठकीचा मूळ विषय येतो. १९ आणि २० मार्च १९२७ ची महाडची परिषद आपण चवदार तळ्यासाठी लक्षात ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना आणखी एक गोष्ट सांगितली. मेलेली जनावरं ओढणं सोडा, त्यांचं मांस खाणं सोडा, उष्टं मागणं सोडा. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत आपल्या आयाबहिणींशी बोलतानाही त्यांनी हा विषय पुन्हा काढला.

हे नीट समजून घ्या. बाबासाहेबांनी "मांस अपवित्र आहे म्हणून सोडा" असं सांगितलं नाही. मृत जनावर ओढणं ही महारकी होती, वतनाची वेठ होती. ते मांस निवडून घेतलेलं अन्न नव्हतं. गावाने नको म्हणून टाकलेलं आपल्या पदरात पडायचं, आणि नंतर तेच गाव "हे मेलेलं खातात" म्हणून आपल्याला अस्पृश्य ठरवायचं. बाबासाहेबांनी तोडली ती ही साखळी. प्रश्न स्वाभिमानाचा होता.

आणि आपल्या माणसांनी ते केलं. गावोगाव महारांनी मेलेली ढोरं ओढायचं नाकारलं. त्याबद्दल मार खाल्ला, बहिष्कार सोसला, बलुतं बंद झालं. आता एक साधा प्रश्न विचारा. देशावर आणि मराठवाड्यात उन्हात वाळवून ठेवलेल्या चाण्या दुष्काळात अनेक घरांना जगवायच्या. ते बंद झालं तेव्हा त्या जागी कुणी डाळ आणून दिली का? नाही. आपल्या आजा-आजींनी स्वाभिमानाची किंमत ताटातून मोजली. त्यांनी प्रथिन सोडलं आणि पोटाला चिमटा काढून माणूसपण घेतलं. महाडचा हा अर्थ आपण फारसा सांगत नाही, तो सांगायला हवा.

आपल्या या अन्नाचा इतिहास लिहायलाही आपल्यालाच बसावं लागलं. शाहू पाटोळे यांचं "अन्न हे अपूर्णब्रह्म" हे पुस्तक २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या ताटाचं वर्णन करणाऱ्या या पुस्तकाचं नावच उत्तर आहे. ज्यांना पोटभर मिळालंच नाही, त्यांचं अन्न पूर्णब्रह्म कसं होणार?

डाळ कुणाच्या घरात होती?

आता शाकाहाराच्या उपदेशकांकडे वळू. डाळ पिकवायला जमीन लागते, नाहीतर विकत घ्यायला रोख मजुरी. आपल्याकडे यांपैकी काय होतं?

वतनाच्या तुकड्याभर जमिनीच्या बदल्यात अख्ख्या गावाची चाकरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं आणि १९३७ साली खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडलं. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखो माणसं तुरुंगात गेली. त्या मागणीत गायरान होतं, पडीक जमीन होती. आम्ही म्हणतो, त्या मागणीत डाळही होती. जमिनीचा तुकडा म्हणजे बांधावरची तूर आणि खाचरातला वाल.

इथल्या डोंगरात वेगळी कथा नव्हती. १९४५ साली उंबरगाव-डहाणू-तलासरी भागात वारल्यांचा उठाव झाला तो वेठबिगारी आणि लग्नगड्याच्या पद्धतीविरुद्ध. जमीन गेलेली, पावसाळ्यात सावकाराकडून खावटी घ्यायची आणि वर्षभर राबून फेडायची. खावटीत धान्य मिळालं तरी पुष्कळ. डाळीचं नाव कोण घेणार?

स्वातंत्र्यानंतर काय झालं? हरितक्रांतीत पाणी, बियाणं, खत, हमीभावाची खरेदी हे सगळं गहू आणि भातामागे गेलं. कोरडवाहू कडधान्य मागे पडलं. सरकारी आकडे सांगतात की १९६१ साली देशात माणशी दररोज ६९ ग्रॅम डाळ उपलब्ध होती. २००१ साली ती ३० ग्रॅमवर आली. नंतर थोडी सुधारणा झाली, पण जुना आकडा गाठला गेला नाही. आणि हे सरासरीचे आकडे आहेत. सरासरीत मलबार हिलचं ताटही येतं आणि मोखाड्याचंही.

म्हणून आमची आमटी पातळ आहे. ती आमच्या संस्कृतीमुळे पातळ नाही.

बुद्धाने काय सांगितलं?

आपल्यातले काही तरुण प्रामाणिकपणे विचारतात की आपण बौद्ध आहोत, मग अहिंसेसाठी शाकाहारी व्हायला नको का? या प्रश्नाचा आम्ही आदर करतो. पण उत्तर विनयपिटकात आहे. देवदत्ताने तथागतांकडे पाच मागण्या केल्या, त्यातली एक अशी की भिक्खूंना मासे आणि मांस सक्तीने वर्ज्य करावं. तथागतांनी ती सक्ती नाकारली. आपल्यासाठी मारल्याचं पाहिलं नसेल, ऐकलं नसेल, तशी शंका नसेल तर भिक्खूने ते घ्यावं, असा नियम राहिला. बाबासाहेबांनीही "बुद्ध आणि त्याचा धम्म" मध्ये अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असं मांडलं आणि मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत फरक केला.

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या "अस्पृश्य मूळचे कोण?" या ग्रंथात बाबासाहेबांनी तर मांडणी केली की गोमांस सोडणं हे ब्राह्मणांनी बौद्ध धर्मावर मात करण्यासाठी टाकलेलं पाऊल होतं आणि ज्यांनी ते खाणं चालू ठेवलं ते अस्पृश्य ठरले. या सिद्धान्तावर इतिहासकार वाद घालोत. पण आहाराचा नियम सत्तेचं हत्यार कसा होतो, हे त्यांनी दाखवलं ते आजही दिसतं.

महाराष्ट्रात गाईंच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. २०१५ साली ती बैल आणि वळूंवरही आली. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेरून आणलेलं गोमांस बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. गरिबाचं सर्वांत स्वस्त मांस एका कायद्याने गेलं. त्या जागी रेशनवर डाळ आली का? पुन्हा तेच उत्तर. १९२७ साली आपण स्वतःच्या निर्णयाने सोडलं होतं, २०१५ साली आपल्याकडून काढून घेतलं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अंडं गेलं, डाळ आली नाही

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. त्याच्या पोटात जव्हार-मोखाडा आहे. १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. २०१६ साली मोखाड्याच्या कुपोषणाने पुन्हा मथळे झाले. आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना आली, गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण, लहान मुलांना अंडी, अंडी न खाणाऱ्यांना केळी. दिशा योग्य होती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. विरोध करायला कोण पुढे आलं, ते आपण पाहिलं. विरोधकांच्या मुलांच्या घरी दूध, तूप, पनीर, सुकामेवा होता. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठी वेगळा निधी द्यायचं बंद केलं आणि शाळांना लोकवर्गणीतून पाहा म्हणून सांगितलं. केळव्यात कदाचित वर्गणी जमेल. मोखाड्याच्या पाड्यावर कोण देणार?

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात माणशी ५ किलो धान्य आहे, डाळीचा हक्क नाही. करोनाकाळात, २०२० साली, केंद्राने काही महिने कुटुंबामागे एक किलो डाळ किंवा चणा फुकट दिला होता. म्हणजे देता येतं. द्यायचं नाही, एवढंच.

आणि समुद्र? तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध इथल्या मच्छीमारांना हरित लवादाचं दार ठोठवावं लागलं. वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. किनाऱ्यावरचे मच्छीमार विरोधात उभे आहेत, कारण मासळीची पैदास जाईल ही त्यांची भीती आहे. बोंबील "तामसिक" ठरवणाऱ्यांनी या पाण्याबद्दल एक शब्द काढल्याचं आम्ही ऐकलेलं नाही.

मग आपण काय करायचं?

बोईसरच्या त्या मित्राला आमचं सांगणं असं. महागड्या पावडरच्या डब्यावर पगार उडवू नकोस. सकाळी मूठभर भिजवलेले चणे आणि शेंगदाणे, दुपारी घट्ट डाळ, संध्याकाळी मोड आलेला वाल, मूग किंवा मटकी, जमलं तर जेवणात सोयाबीन. वाल मात्र नीट शिजवून खा, कच्चा बाधतो. आठवड्यातून चार-पाच अंडी आणि बोंबलाची चटणी ठेव, फक्त ती खारवलेली असेल तर मीठ बेताने, घरात रक्तदाब असेल तर आणखी बेताने. चिकन सणावाराला असू दे. पैसे वाचतील आणि शरीरही बनेल.

मेसेज वाचणाऱ्या मित्राला आमचं सांगणं वेगळं आहे. कडधान्य खा, मनापासून खा. मांस सोडावंसं वाटलं तर तेही सोड, तो तुझा हक्क आहे. पण शेजारच्याच्या ताटात डोकावून त्याची जात मोजू नकोस. "शुद्ध शाकाहारी" पाटीतला शुद्ध हा शब्द आपल्या विरोधात वापरलेला आहे, हे विसरू नकोस.

आणि कार्यकर्त्यांना सांगायचं ते एवढंच. आपल्या ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत, रेशन दुकानाच्या दक्षता समितीत तीन मागण्या घेऊन जा. रेशनवर दरमहा डाळ. शाळा-अंगणवाडीत सरकारी खर्चाने अंडं, न खाणाऱ्याला तोलामोलाचा पर्याय. वरकस आणि गायरान जमीन कसणाऱ्यांच्या नावावर. या तीन गोष्टी झाल्या की डाळ खायची की मासा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पुढची बैठक केळव्यालाच आहे. डबे सगळ्यांनी आणायचे आहेत. डाळ घट्ट असू द्या.

जय भीम!